लढाईत लुटारू टोळ्या आणि चालू सामन्यात पक्षांतर: नियम, हिशेब आणि बग

खाजनवाला
खेळ असा आहे. गड आणि बंदर असे दोन पक्ष, १२ विरुद्ध १२, सामना २५ मिनिटांचा. तलवार, धनुष्य, मंत्र आणि पाळीव भुतं. सर्व्हर सेकंदाला २० टिक (हिशेबाच्या फेऱ्या) चालतो, लढाईचा सगळा निकाल सर्व्हरच लावतो. नकाशा गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या धर्तीवर: खाली खाजन (बांध घातलेली खाडीकाठची सखल जमीन) आणि मानस (तिथलं पाणी सोडणारा-अडवणारा दरवाजा), मध्ये कुळागरं (सुपारीच्या बागा), वर घाट.

आता यात लुटारू आणायचे आहेत. गडाचा माणूस सामना चालू असतानाच लुटारू व्हावा, आणि लुटारू माफी मिळवून गडाकडे किंवा बंदराकडे यावा. सध्या कोड फक्त एवढंच बघतो की दोघांचे पक्ष वेगळे आहेत का. असले तर मार लागतो. नुसता तिसरा क्रमांक जोडून भागेल का? आणि पक्ष बदलण्यावर बंधनं किती घालावीत?

टिकमास्तर
नुसत्या क्रमांकाने भागणार नाही. "पक्ष वेगळा म्हणजे शत्रू" ही तपासणी तलवारीत असते, बाणात असते, भुताच्या डोक्यात असते, दरवाजात असते, नावाच्या रंगात असते. आधी ती सगळीकडून काढा आणि एकाच फंक्शनमध्ये आणा: कोण मारतोय, कोणाला, कोणत्या टिकला. उत्तर चारपैकी एक: मित्र, तटस्थ, शत्रू, गुन्हा.

"गुन्हा" म्हणजे मारता येतं, पण मारणाऱ्याच्या खात्यावर नोंद होते. खरा फरक इथेच पडतो, कारण नातं दोन्ही दिशांनी सारखं राहत नाही. लुटारूने तटस्थ व्यापाऱ्याला मारलं तर गुन्हा. व्यापाऱ्याने लुटारूला मारलं तर काही नाही. दोन पक्षांच्या खेळात तक्ता आरशासारखा असतो म्हणून हे कधी जाणवत नाही, आणि तिसरा पक्ष आला की अर्धे बग इथूनच निघतात. तक्ता पक्ष गुणिले पक्ष असा चौकोनी करा, ओळ मारणाऱ्याची, स्तंभ मार खाणाऱ्याचा. प्रत्येक टोळीला स्वतःची ओळ द्या, नाहीतर दोन टोळ्या एकमेकांना मित्र समजतील. तक्त्याच्या वर खेळाडूपुरता तात्पुरता अपवाद ठेवायला जागा हवी, उदाहरणार्थ नुकताच गुन्हा केलेल्याला दोन मिनिटं कोणीही मारावं.

एक काटेकोर सूचना. पक्षासाठी फिजिक्सचे कोलिजन लेअर (कोण कोणाला धडकेल ते ठरवणारे थर) वापरू नका. युनिटी आणि गोडो ४ या खेळ बनवायच्या इंजिनांत ते ३२ असतात म्हणून मोह होतो. लेअर वस्तूच्या प्रकारासाठी ठेवा: अंग, बाण, भिंत, दरवाजा. टक्कर होऊ द्या, मार लागतो की नाही ते तक्त्याला विचारा. माणूस एखाद्या मंत्राच्या वर्तुळात उभा असताना त्याचा लेअर बदलला तर आत आल्याच्या आणि बाहेर गेल्याच्या नोंदी चुकतात, आणि तो वर्तुळातून निघून गेल्यावरही जळत राहतो.

घुमटवादक
टिकमास्तरांच्या तक्त्याला अनुमोदन. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. "लुटारू" हा मेनूतून निवडायचा तिसरा संघ करू नका. तो कर्मांनी यावा. सामन्याआधीच्या लॉबीत तीन बटणं दिली की खेळ तीन संघांचा होतो, तोही चांगला खेळ आहे, डार्क एज ऑफ कॅमेलॉटने २००१ मध्ये तीन राज्यांचं युद्ध करून दाखवलंच. पण तिथले तिन्ही पक्ष कायदेशीर होते, बेकायदा कोणीच नव्हतं.

कर्मांनी ठरणाऱ्या लुटारूंचं जुनं उदाहरण अल्टिमा ऑनलाइन, १९९७. निरपराध निळा, किरकोळ गुन्हेगार दोन मिनिटं करडा, पाच खून नोंदले गेले की लाल. लाल माणसाला शहराचे पहारेकरी जागीच मारत. यातून शिकण्यासारखं म्हणजे नोंदी कशा झडायच्या ते. खुनाची छोटी नोंद ८ तास खेळल्यावर आणि मोठी ४० तासांनी झडत असे, आणि "खेळणं" म्हणजे नुसतं लॉग-इन असणं. मग लोक पात्राला घरात कोंडून रात्रभर संगणक चालू ठेवू लागले. तुमच्याकडे पाप झडायचं असेल तर ते काहीतरी केल्याने झडू द्या, घड्याळाने नको.

२५ मिनिटांच्या सामन्यासाठी आकडे असे लावून बघा: तटस्थाला जखम १ गुण, तटस्थाचा खून १०, स्वतःच्या पक्षाच्या माणसाचा खून १५, मालाची गाडी लुटली तर २०. ३० झाले की लुटारू. साध्या आडवळणाच्या बाणाने कोणी लुटारू होत नाही, आणि ठरवून व्हायचं तर तीन-चार मिनिटांत होता येतं.

निवळशंख
स्वतःच्या माणसाचा खून १५ ठेवलात तर दोन मित्र ठरवून एकमेकांना दोनदा मारतील आणि लुटारू होतील. मधल्या मध्ये पक्षाचा बोऱ्या वाजेल.

घुमटवादक
एकाच बळीचे गुण एकदाच धरायचे. दुसऱ्यांदा शून्य.

खाजनवाला
हे पटलं. पण पक्ष बदलण्याचा क्षण कसा हाताळायचा? बाण हवेत असताना मारणारा फितूर झाला तर तो बाण कोणाचा?

टिकमास्तर
हा प्रश्न सुटला की उरलेलं सोपं आहे.

बाण, मंत्र, विष, जे काही हातातून सुटतं त्यावर तीन गोष्टी लिहून पाठवा: कोणी सोडलं, सोडताना त्याचा पक्ष कोणता, कोणत्या टिकला. आणि नियम एकच ठेवा. इजा करायला सोडताना आणि लागताना, दोन्ही वेळी परवानगी हवी. बरं करायला लागतानाचं मैत्र पुरे.

याचा परिणाम तपासून बघा. गडाच्या धनुर्धराने बंदरावर बाण सोडला आणि तो हवेत असताना स्वतः बंदराचा झाला. बाण बंदराच्या माणसाला लागला तर लागतानाची परवानगी नाही, फुकट. वाटेत गडाच्या माणसाला लागला तर सोडतानाची परवानगी नव्हती, तोही फुकट. म्हणजे फितुराचे जुने बाण दोन्ही मोठ्या पक्षांना निरुपद्रवी होतात. लुटारूला लागला तर मात्र लागतो, कारण तो तेव्हाही शत्रू होता आणि आताही आहे. वेगळं काही लिहावं लागत नाही.

मग चलाख माणूस म्हणेल, मोठा मंत्र येताना दिसला की पक्ष बदलतो. म्हणून बदल एका झटक्यात होऊ देऊ नका. १० सेकंद एका जागी उभं राहून निशाण उतरवायचं, मार लागला की पहिल्यापासून. त्यानंतर ८ सेकंद अधांतरी: दोन्ही पक्ष मारू शकतात, तो कोणालाच मारू शकत नाही, कोणी बरंही करू शकत नाही. तुमचा सर्वात हळू मंत्र तीन सेकंदांपेक्षा जास्त हवेत राहत नसेल तर निसटायला वाव नाही. बारा सेकंदांचं विष अधांतरी काळातही चालू राहतं आणि नव्या पक्षात पाय ठेवल्यावर, विष देणारा आता मित्र असेल तरच, थांबतं.

पक्ष कधी बदलायचा? टिकच्या अगदी सुरुवातीला, सगळे बदल एकत्र, त्यानंतर मारामारीचा हिशेब. मध्येच बदललात तर एकाच टिकमध्ये यादीत आधी आलेल्याला तो शत्रू आणि नंतर आलेल्याला मित्र दिसतो. हा बग पुन्हा घडवून दाखवणं महाकठीण.

निवळशंख
आणि मागे जाऊन बघणारा सर्व्हर? लॅग, म्हणजे नेटवर्कचा उशीर, भरून काढायला खेळाडूने ज्या क्षणी तलवार चालवली त्या क्षणीच्या जागा काढतात. जागा जुन्या आणि पक्ष आत्ताचा, असं झालं तर?

टिकमास्तर
बरोबर पकडलंत. पडद्यावर लाल नाव दिसतंय, तलवार लागल्यासारखी दिसतेय, सर्व्हर म्हणतोय मित्र. खेळाडू म्हणणार सर्व्हर बंडल आहे. उपाय म्हणजे जागांच्या इतिहासातच पक्षाचा एक बाइट ठेवणं. २०० मिलिसेकंद मागे जाऊ देत असाल तर २० टिकला चार नोंदी, त्यात चार बाइट. "लागताना" म्हणजे तो मागचा क्षण, आत्ताचा नव्हे.

पाठवतानाही तेच. पक्षबदलाचा निरोप वेगळ्या, खात्रीच्या वाहिनीने पाठवलात आणि जागा बिनखात्रीच्या वाहिनीने, तर दोन्ही मागेपुढे पोचतात. पक्षाचा बाइट जागेच्या पाकिटातच घाला. २४ खेळाडू, २० टिक, म्हणजे प्रत्येक क्लायंटला (खेळाडूच्या संगणकावरच्या खेळाला) सेकंदाला ४८० बाइट जादा. एवढ्याने काही बिघडत नाही.

म्हादयकाठी
कोडमध्ये मला गती नाही, नकाशा आणि प्रसंगांबद्दल लिहितो. सत्तरीचा नकाशा घेताय तर माफीची यंत्रणा तिथल्याच इतिहासात तयार आहे. १८५२ मध्ये सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी पोर्तुगीज सरकारविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला, बंड १८५५ पर्यंत चाललं आणि शेवट तडजोडीने झाला, सरकारला नमतं घ्यावं लागलं. १८९५ मध्ये तर उलट दिशेने झालं: पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत, मोझांबिकला जायला नकार दिला, बंड केलं आणि दादा राणे त्यांना येऊन मिळाले. पगारी फौज एका हुकुमावरून बंडखोर झाली.

यातून खेळासाठी दोन गोष्टी. माफी एकट्याने मागायची नसते, टोळी किल्ला धरून बसते आणि वाटाघाट करते. म्हणजे लुटारूंनी एखादं ठाणं ३ मिनिटं राखलं तर ज्या पक्षाला ते हवंय त्याने माफीचा प्रस्ताव ठेवावा, ठाणं त्याला, टोळीचे गुण शून्य. आणि फौज फुटते ती कारणाने: ज्या पक्षाचे पुनर्जन्माचे मोजके डाव संपत आलेत त्याच्या माणसांना निशाण उतरवायला १० ऐवजी ६ सेकंद लागावेत.

सत्तरीचे राणे आणि वाट लुटणारे यांना तक्त्यात एकाच ओळीत मात्र घालू नका. बंडखोरांना गावचा तटस्थ व्यापारी मित्र असतो, लुटारूंना तो शिकार. खेळायलाही ते वेगळे लागतात.

काजुली
म्हादयकाठी बाब, सहा सेकंदांची सवलत हरणाऱ्या पक्षाला दिलीत तर सगळे जिंकणाऱ्याकडे पळतील. वारा वाहील तशी पाठ फिरवणारे कमी नाहीत.

घुमटवादक
म्हणून दार एका बाजूनेच उघडं ठेवायचं. ज्या पक्षात जायचं त्याची संख्या, जाण्याआधी मोजून, सोडायच्या पक्षापेक्षा कमी हवी. लुटारूंना वेगळी मर्यादा, एकूण खेळाडूंच्या पाव, म्हणजे २४ मध्ये ६. त्यापुढे ३० गुण झालेला माणूस लुटारू होत नाही, "फरारी" होतो: पक्ष तोच, पण सगळे त्याला मारू शकतात. जागा रिकामी झाली की टोळीत.

एका माणसाला सामन्यात दोनच बदल, दोहोंत किमान ६ मिनिटं, शेवटची ५ मिनिटं दार बंद.

बक्षीस शेवटच्या पक्षावरून देऊ नका. मिनिटांच्या प्रमाणात वाटा. १० मिनिटं गडात, १५ बंदरात आणि बंदर जिंकलं, तर विजयाचा पंधरा-पंचविसांश हिस्सा. जिंकणाऱ्याकडे उडी मारण्याचा फायदा इथे बराचसा मरतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०१५ मध्ये एका पक्षाची रांग फार लांबली की त्यातल्यांना दुसऱ्या बाजूने भाडोत्री म्हणून लढू दिलं, आणि २०१८ च्या वॉर मोडमध्ये कमी संख्येच्या पक्षाला जादा बक्षीस ठेवलं. दोन्हीकडे तत्त्व एकच, माणसं कमी तिकडे ओढा.

काजुली
आणि टोळीने एकदम फुटायचं असेल तर? गोव्यात बसून हा नियम कोणाला समजावून सांगावा लागणार नाही म्हणा. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, १९८५ ची. आधी पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ते काढलं, आता दोन तृतीयांश लागतात. तोच हिशेब लावा: गटातल्या दोन तृतीयांश जणांनी होकार दिला तर सामूहिक पक्षांतर, अधांतरी काळ माफ.

निवळशंख
आणि मग तिघांचा गट करून दोघं जातील. लहान आकड्यांत दोन तृतीयांश फार स्वस्त पडतात, हेही इथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

काजुली
किमान सहाजणांचा गट, होकार सगळ्यांना दिसेल असा, २० सेकंदांची मुदत. जे राहतात त्यांना मूळ पक्षात नवा गट आपोआप.

टिकमास्तर
अधांतरी काळ पूर्ण माफ करू नका, ८ चे ३ सेकंद करा. शून्य केलात तर चार जण एकाच टिकला फिरतील आणि शेजारी बरं करत उभ्या असलेल्याला पुढच्याच टिकला कापतील. त्याच्या पडद्यावर ते अजून मित्रच असतील. आणि घुमटवादकांचा संख्येचा नियम इथे एकेकाला लावून भागत नाही, गट गेल्यावर काय आकडे होतील ते मोजा. सहाही टोळीत गेले की टोळी भरली.

निवळशंख
आता जिथे हमखास फुटतं त्या जागा. चाचणीच्या यादीत घालाव्यात.

पुनर्जन्माची खोली. माणूस गडाच्या सुरक्षित खोलीत उभा राहून बंदराचा झाला की शत्रूच्या खोलीत ढालीआड उभा राहतो आणि जन्मणाऱ्या प्रत्येकाला कापतो. सुरक्षित खोलीत निशाण उतरवताच येऊ नये, आणि तरीही कोणी सापडला तर त्याला तटस्थ जागी टाकावं. फक्त बाहेर ढकलू नका, दरवाजा पक्ष बघून उघडत असेल तर तो दरवाजाच्या जाडीतच अडकतो.

निशाण किंवा खजिना हातात असलेला माणूस. बदल सुरू झाला त्या क्षणी हातातलं खाली पडावं, पूर्ण झाल्यावर नव्हे. नाहीतर तो दहा सेकंद धरून ठेवतो आणि खजिन्यासकट पार होतो.

पाळीव भुतं. मालकाबरोबर त्यांचा पक्ष बदलू नका, नाहीशी करा. भुताच्या डोक्यात कोणावर किती राग आहे याची यादी असते, ती जुन्या शत्रूंची असते, आणि ते नव्या मित्रांवर धावून जातं.

बफ, म्हणजे ताकद वाढवणारे आशीर्वाद. जुन्या पक्षाकडून मिळालेले सगळे काढा. ठेवलेत तर दोन्ही पक्षांच्या पुजाऱ्यांचे आशीर्वाद घेऊन फिरणारा माणूस बाराजणांनाही आवरत नाही.

खुनाचं श्रेय. शेवटच्या १५ सेकंदांत ज्यांनी जखम केली त्यांना वाटा मिळतो ना? प्रत्येक जखमेबरोबर तेव्हाचा पक्ष लिहा. नाहीतर गडाने केलेली जखम बंदराच्या खात्यावर जमा होते.

जोडणी तोडून परत येणं. पक्ष खात्याशी बांधा, जोडणीशी नाही. ज्यांनी जोडणीशी बांधला त्यांच्याकडे केबल काढणं हाच सर्वात जलद पक्षबदल असतो. आणि लढाईत असताना जोडणी तुटली तर शरीर ३० सेकंद जागेवर राहू द्या.

सुरंगी
हेरगिरी राहिली. पक्ष बदलल्यावर सर्व्हरने जुन्या पक्षाची माहिती पाठवणं थांबवलं तरी क्लायंटकडे आधीची पडून असते: छोट्या नकाशावरचे ठिपके, खुणा, गटाच्या गप्पा. ती पुसायचा हुकूम सर्व्हरकडून जावा, पण फसव्या क्लायंटवर विश्वास नको. नव्या पक्षाचा नकाशा त्याला पहिली ३० सेकंद देऊच नका. आवाजाची वाहिनी मात्र अधांतरी काळ सुरू होतानाच तोडा. लोक उशिरा तोडतात आणि तेवढ्यात सगळा बेत ऐकला जातो.

आणि फक्त नावाच्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा भेद न दिसणारे खेळाडू असतात, पावसात आणि रात्रीच्या प्रकाशात तर कोणालाच नीट दिसत नाही. लुटारूच्या पाठीवरचं निशाण काढून डोक्याला मुंडासं द्या, बाह्याकृतीच बदलली पाहिजे. अधांतरी असलेला निशाण खाली धरून उभा. लांबून ओळखू येतं.

खाजनवाला
सुरंगी बाय, देव बरें करूं, बाह्याकृतीचं डोक्यात नव्हतं. लुटारू होण्यात फायदा काय ठेवावा? नुसतीच शिक्षा असेल तर कोणी होणार नाही.

घुमटवादक
लूट. मेलेल्याच्या थैलीतलं साधा सैनिक काढू शकत नाही, लुटारू ४० टक्के काढू शकतो. पण पेढी आणि लोहार त्याला बंद, माल विकायचा तर तो घाटावरच्या एका चोरबाजारात, ६० टक्के भावाने. मेला तर जवळची सगळी लूट पडते.

त्याच्या डोक्यावर इनाम लावणार असाल तर जपून. मित्र मित्राला मारतो, इनाम वाटून घेतात, हे प्रत्येक खेळात होतं. ईव्ह ऑनलाइनमध्ये लोक स्वतःच्याच दुसऱ्या पात्राकडून स्वतःला मारून घेऊन इनाम वसूल करत. डिसेंबर २०१२ च्या रेट्रिब्यूशन विस्तारात ते बदललं: इनामातून एका वेळी मरणाऱ्याच्या नुकसानीच्या २० टक्केच मिळू लागले. म्हणजे शंभराचं नुकसान करून वीस मिळवायचे, मिलीभगतीत तोटाच. तुम्हीही इनाम नुकसानीशी बांधा, ठोक रक्कम नको.

आर्चएज या खेळाचा मार्गही बघा. तिथे गुन्ह्याचे पुरावे इतर खेळाडू नोंदवत, खटला चाले, ज्युरी खेळाडूंचीच, आणि बदनामी फार वाढली की माणूस चाच्यांच्या पक्षात जाई. कल्पना झकास, पण २५ मिनिटांच्या सामन्यात खटल्याला वेळ कुठला. सतत चालणाऱ्या जगासाठी ठेवा.

म्हादयकाठी
लुटारूंचा आसरा खाजनात द्या. कांदळवनातलं बेट, जिथे सुकतीलाच (ओहोटीलाच) चालत जाता येतं. खरी भरती-सुकती साधारण सव्वाबारा तासांपेक्षा थोड्या जास्त अवधीने फिरून येते, खेळात ती ८ मिनिटांची करा, म्हणजे सामन्यात तीन फेरे. पाणी चढलं की बेट सुरक्षित पण कोंडलेलं. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या माणसांनी जुवे बेटावर ओहोटी साधूनच धडक मारली होती. मानस बंदराच्या ताब्यात असेल तर तो उघडून त्यांना पाणी आत घेता यावं, वेळेआधी. मग त्या एका दरवाजासाठी तिन्ही पक्ष झगडतील.

निवळशंख
पाणी चढताना बेटाच्या वाटेवर कोणी अधांतरी असेल तर बुडणं कोणाच्या खात्यावर?

टिकमास्तर
कोणाच्याच नाही. निसर्गाच्या इजेला मारणारा रिकामा ठेवा आणि फंक्शनला रिकाम्या मारणाऱ्याचं उत्तर "शत्रू" द्यायला शिकवा. नाहीतर तक्त्यात ओळ सापडत नाही म्हणून सर्व्हर कोसळतो. मानस कोणी मुद्दाम उघडला असेल तर मात्र उघडणाऱ्याचं नाव आणि तेव्हाचा पक्ष पाण्यावर लिहा, बाणासारखाच.

चाचणीसाठी २४ बॉट (आपोआप खेळणारी पात्रं) सोडा, प्रत्येकाने दर ५ सेकंदांनी पक्ष बदलायचा, चाचणीपुरत्या सगळ्या मर्यादा काढून. लिनक्सवर टीसी नेटएमने (नेटवर्क मुद्दाम बिघडवून बघायचं साधन) १५० मिलिसेकंद विलंब आणि ३ टक्के पाकिटं गहाळ. प्रत्येक घावाची नोंद: मारणारा, खाणारा, सोडतानाचे दोघांचे पक्ष, लागतानाचे दोघांचे पक्ष, तक्त्याचं उत्तर. मग नोंदी चाळून दोन्हीपैकी एका वेळी मित्र असताना इजा झालेली एक जरी ओळ सापडली तर बग आहे. रात्रभर चालू ठेवा, मर्यादा सकाळी परत लावून पुन्हा एकदा.

खाजनवाला
आधी तक्ता आणि बाणावरची नोंद, लुटारू त्यानंतर. बेटावरच्या पाण्याला अजून टक्करच नाही, तीही घालावी लागेल.

निवळशंख
आणि दरवाजे. दरवाजे विसरू नका.